यादीत नव्हतं

हर्णै बंदरात, बर्फाच्या कारखान्यावरच्या माडीवर
मच्छीमार सोसायटीचं ऑफिस.
खाली लाद्या फोडल्याचा आवाज,
वर मी, एक खुर्ची आणि
आमचं छोटंसं ॲप:
लिलाव कधी, पापलेट काय भाव,
भरती किती वाजता.
भरतीवर युसुफ मिरकरच्या बैलगाड्या ठरतात,
कुठवर पाण्यात घालायच्या, कधी मागे फिरायचं.

जुना सर्व्हर परवा गेला.
उघडून पाहिला तर आत हिरवट पांढरं,
चार पावसाळ्यांचं मीठ.

नवा आणला. त्याच्यापुढे यादी ठेवली.
गुणी पोरासारखी त्याने ती वाचली, वरून खाली,
कुणाकुणाचं काय काय लागतं ते मागवून घेतलं,
कुणी तारखा जुळवणारं, कुणी मराठी आकडे छापणारं,
ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत
अशा सतरा माणसांचं काम
अडीच मिनिटांत येऊन बसलं जागेवर.

भरतीचा रकाना मात्र कोरा.

पुण्याला कैवल्यला फोन लावला.
"अगं हो, ते मी हातानेच टाकलं होतं तेव्हा.
चालायला लागलं, मग यादीत लिहायचं राहिलं."
मागे रिक्षांचे हॉर्न.
"माझ्याकडे तर चालत होतं," म्हणाला,
आणि मी काहीच बोलले नाही,
कारण चार वर्षं माझ्याकडेही चालतच होतं.

शोधून काढलं. लिहिणारा कुठल्याशा थंड बंदरातला,
पहाटे तीनला काम करणारा.
त्याने मधल्या काळात घर आवरलेलं दिसलं:
नवी आवृत्ती, फुटांऐवजी मीटर,
वेळ त्याच्या गावची.
मी न बघता तीच घेतली.
ॲप म्हणालं, भरती साडेबाराला, पाणी दोन.

तेवढ्यात बर्फाची पावती घ्यायला हिराजी पावसे वर आला,
तांडेल, पायात वाळू, खिशात खडू.
पडद्याकडे बघून हसला नाही, हे बरं केलं.
"आज काय, वद्य अष्टमी?
आठ त्रिक चोवीस, त्याचे चार भाग.
सहा. आणि भांग आहे, पाणी फार चढायचं नाही."
बोटांची पेरं मोजून झाली होती
माझं पान उघडायच्या आत.

त्याच्या होडीच्या केबिनच्या दाराला आतून
खडूने लिहिलेलं मी पाहिलंय:
दोर, मिरकरचा. बॅटरी, दाभोळहून, जुनी.
डिझेल उधार, पंपाचं नाव.
खलाशी आठ, त्यातला एक नवा, पोहता येतं म्हणतो.
निघण्याआधी तो ते मोठ्याने वाचतो,
जे आपलं नाही ते आधी.

मी यादी उघडली.
कैवल्यचं राहिलेलं नाव घातलं,
जुनीच आवृत्ती, एक दशांश चार, पुढे कुलूप:
कुणी कितीही नवं केलं तरी
मी बघितल्याशिवाय हलायचं नाही.
खाली एक तपासणी लिहिली.
तिथीची पाऊणपट काढ,
आलेल्या उत्तराशी ताडून बघ,
तासाभरापेक्षा जास्त फरक पडला
तर ओरड.

मग अडले. हे कुणाचं म्हणून लिहू?
"बापाचं," हिराजी म्हणाला.
"बापाला दाभोळच्या एका तांडेलाने शिकवलं.
त्याचं नाव…"
खिडकीतून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
"नाव होतं काहीतरी."

लिहिलं:
हिराजी पावसे, हर्णै. त्याआधी दाभोळ.
आवृत्ती माहीत नाही.

खालून युसुफने हाक मारली, सहा काय गं?
सहा, मी म्हटलं.
त्याने बैलाच्या पाठीवर नुसता हात ठेवला
आणि गाडी उताराला लागली.